केओटी सॉफ्टवेअर पारखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: चार स्टेशनांचं, म्हणजे ग्रिल, थंड पदार्थ अशा चार विभागांचं, स्वयंपाकघर आहे. प्रत्येक स्टेशनला प्रिंटर आहे, त्यावर केओटी (किचन ऑर्डर तिकीट, म्हणजे स्वयंपाकघराला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) निघते. गर्दीत चिठ्ठ्या गहाळ होतात, कॅन्सल केलेले पदार्थ बनून पासवर (तयार ताटं वेटरच्या हाती द्यायच्या ओट्यावर) येतात, आणि एका टेबलाची ऑर्डर एकदम न येता तुकड्यातुकड्यांनी येते. प्रिंटर काढून स्क्रीन लावावेत का? तयार सॉफ्टवेअर घ्यावं की बिलिंगवाल्याकडूनच लिहून घ्यावं? आणि निवडताना बघायचं काय?

स्क्रीन की कागद हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. मी ही कामं बरीच वर्षं करतोय, लिहिण्याची पण आणि बसवण्याची पण. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी कागदावर होतात तशाच स्क्रीनवरही होतात. फक्त कागदावर त्या दिसतात, स्क्रीनवर दिसत नाहीत. चिठ्ठी खाली पडली तर निदान ती जमिनीवर सापडते. स्क्रीनवरून चुकून 'झालं' दाबून गेलेली ऑर्डर कुठेच पडलेली नसते.

आधी केओटी ही वस्तू नेमकी काय आहे ते बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ती एकाच वेळी दोन गोष्टी आहे. एक म्हणजे निरोप: अमुक टेबलाला अमुक पदार्थ, असा असा करून द्या. दुसरी म्हणजे पावती: या कागदाशिवाय स्वयंपाकघरातून ताट बाहेर पडणार नाही, आणि बाहेर पडलेलं प्रत्येक ताट बिलात दिसलं पाहिजे. जुन्या तीन प्रतींच्या पॅडमध्ये हे स्पष्ट होतं. पहिली प्रत स्वयंपाकघरात, दुसरी कॅशियरकडे, तिसरी वेटरकडे. स्वयंपाक्याला पहिली प्रत निरोप म्हणून हवी असायची, मालकाला दुसरी प्रत पावती म्हणून. रात्री दोन्ही गठ्ठे समोरासमोर ठेवून ताळा घातला जायचा.

सॉफ्टवेअर आल्यावर या दोन भूमिका एकाच नोंदीत गेल्या, आणि त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे हे लिहिणारे विसरले. निरोप बदलतो. टेबलावरचा माणूस मन बदलतो, वेटर चुकीचं बटण दाबतो, पदार्थ संपतो. पावती मात्र कधीच बदलता कामा नये, नाहीतर तिला अर्थ उरत नाही. बिलिंगकडून आलेली सॉफ्टवेअरं केओटीला पावती समजतात, त्यामुळे त्यांत बदल पोचवायची सोय ओढूनताणून बसवलेली असते. स्क्रीनकडून आलेली सॉफ्टवेअरं तिला निरोप समजतात, त्यामुळे त्यांत ओळ पुसली की ती कुणी, कधी, का पुसली याचा पत्ता लागत नाही. तुमच्यासमोर येणारं कुठलंही उत्पादन या दोनपैकी कुठल्या घरातून आलंय हे ओळखा. त्याच्या दुखऱ्या जागा आपोआप कळतील.

आता एक ऑर्डर अगदी जवळून बघू. टेबल ७, माणसं चार. ८ वाजून १० मिनिटांनी केओटी जाते: दोन सूप, एक ग्रिल केलेला मासा, एक सॅलड, दोन भात. सूप एका स्टेशनला, मासा ग्रिलला, सॅलड थंड विभागाला, भात गरम विभागाला. ८ वाजून १३ मिनिटांनी वेटर येतो. एक भात नको, आणि माशावर लोणी नको.

वाईट सॉफ्टवेअर इथे दोनपैकी एक गोष्ट करतं. पहिली: पूर्ण केओटी नव्याने छापतं. आता ग्रिलवाल्याकडे टेबल ७ च्या दोन चिठ्ठ्या आहेत, दोन्हींवर एकेक मासा. तो दोन मासे टाकतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. दुसरी: स्क्रीनवरची ओळ गुपचूप बदलतं. ग्रिलवाल्याने ऑर्डर ८ वाजून १० मिनिटांनी वाचली आहे, ती त्याच्या डोक्यात आहे. तो स्क्रीनकडे पुन्हा बघणार ते मासा झाल्यावर, 'झालं' दाबायला. लोणी तोवर माशावर गेलेलं असतं. वेटर म्हणतो मी बदल टाकला होता, स्वयंपाकी म्हणतो मला दिसला नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बरोबर रीत अशी, की मूळ केओटीला कुणीही हात लावत नाही. बदल ही स्वतंत्र, क्रमांक असलेली चिठ्ठी असते, ती मूळ क्रमांकाचा हवाला देते, आणि फक्त ज्या स्टेशनचा संबंध आहे त्याच स्टेशनला जाते. भाताच्या स्टेशनला: 'टेबल ७, रद्द: १ भात, राहिला १.' ग्रिलला: 'टेबल ७, बदल: मासा, लोणी नको.' सूपवाल्याला काहीच जात नाही. कागद असेल तर ही चिठ्ठी वेगळ्या रंगात किंवा उलट्या छपाईत, काळ्यावर पांढरी. स्क्रीन असेल तर ओळ खोडलेली दिसते पण नाहीशी होत नाही, आवाज होतो, आणि स्वयंपाक्याने 'पाहिलं' असं दाबेपर्यंत ती लुकलुकत राहते. हे 'पाहिलं' महत्त्वाचं. त्या एका दाबण्यामुळे वेटरच्या हातातल्या यंत्रावर 'बदल पोचला' असं येतं. ते आलं नाही तर त्याने पायी जाऊन सांगायचं. आणि स्वयंपाक्याला 'उशीर झाला, बनलंय' असंही उत्तर देता आलं पाहिजे, कारण तेही एक उत्तरच आहे.

आतून याचा अर्थ असा, की डेटाबेसात केओटीची ओळ दुरुस्त करायची नाही. घटना एकाखाली एक लिहीत जायच्या: पाठवली, पोचली, बदलली, पाहिली, झाली, वाढली. आत्ताची स्थिती त्या घटना बेरीज करून काढायची. निरोप म्हणून शेवटची स्थिती दाखवा, पावती म्हणून सगळी वही ठेवा. लिहून घेणार असाल तर प्रोग्रामरला पहिल्याच बैठकीत हे सांगा. नंतर बसवायला हे फार महाग पडतं.

स्थितींची यादी मात्र स्वयंपाक्यासमोर लांबवू नका. 'घेतलं', 'चालू', 'अर्धं झालं', 'ताटात', 'तयार' अशी पाच-पाच बटणं दाखवणारे डेमो मी बघतो तेव्हा हे लिहिणारा कधी तव्यासमोर उभा राहिलेला नाही हे लगेच कळतं. ज्याचे दोन्ही हात कामात आहेत तो माणूस एका पदार्थासाठी एकच बटण दाबेल: झालं. त्यापलीकडची माहिती हवी असेल तर ती त्याच्याकडून न मागता दुसरीकडून काढा. आणि 'झालं' चुकून दाबलं जाणारच, तेव्हा शेवटच्या काही ऑर्डरी परत आणायचं बटण एका दाबाच्या अंतरावर हवं, मेनूच्या तिसऱ्या पानावर नको.

तुमची तिसरी तक्रार, ऑर्डर तुकड्यांनी येते, ही स्टेशनांच्या वाटपाची आहे. पदार्थ कुठल्या स्टेशनला जातो हे मेनूत एकदा भरलं की काम झालं असं सगळे समजतात. पण एकाच पदार्थाचे भाग दोन स्टेशनांत बनतात, सोबतचा पदार्थ तिसऱ्या स्टेशनला असतो, आणि 'सॅलडऐवजी भात' असं म्हटलं की ओळच एका स्टेशनवरून दुसऱ्यावर उडी मारते. हे बदल मुख्य पदार्थाबरोबर बांधलेले हवेत, पण वाटपाला स्वतंत्र हवेत. शिवाय प्रत्येक स्टेशनला आपल्या ओळी ठळक आणि त्याच टेबलाच्या इतर ओळी फिक्या दिसाव्यात. ग्रिलवाल्याला सोबत सूप आहे हे दिसलं तर तो स्वतःच अंदाज बांधतो. माणसांना नुसता संदर्भ दिला तरी अर्धं काम होतं.

पूर्ण काम व्हायला पास लागतो. फ्रेंच शेफ एस्कोफिए यांनी १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात स्वयंपाकघराची जी ब्रिगेड पद्धत (प्रत्येक विभागाला ठरलेली माणसं) रुळवली, त्या पद्धतीत ऑर्डरी मोठ्याने पुकारणारा एक माणूस असतो. तो पासपाशी उभा राहतो, काय आलंय आणि कोण मागे आहे हे त्याला ठाऊक असतं. सॉफ्टवेअरने वेटरची धावपळ वाचवली, या माणसाची जागा घेतलेली नाही. त्यामुळे चार स्टेशनांना चार स्क्रीन घेऊन पासला काहीच न लावणं हा पैसे वाया घालवायचा खात्रीचा मार्ग आहे. उलट करा. एकच स्क्रीन परवडत असेल तर तो पासला लावा आणि स्टेशनांना प्रिंटर राहू द्या. पासच्या स्क्रीनवर टेबलनिहाय पूर्ण ऑर्डर, कुठली ओळ तयार, कुठली बाकी, आणि 'वाढलं' हे बटण. यात एक अडचण येते: कागदावर काम करणारं स्टेशन 'झालं' दाबू शकत नाही, म्हणून पासवरच्या माणसाने ओळ टिकमार्क करावी लागते. चालतं. अनेक चांगली स्वयंपाकघरं कायम असंच चालतात.

काही सॉफ्टवेअरं एक पाऊल पुढे जाऊन वेळ जुळवतात. माशाला १४ मिनिटं, सॅलडला ४, म्हणून सॅलडची ओळ थंड विभागाला १० मिनिटं उशिरा दाखवायची. कागदावर झकास वाटतं. शांत वेळी चालतंही. गर्दीत ग्रिलवर आठ मासे रांगेत असतात, तेव्हा तो १४ मिनिटांचा आकडा २५ झालेला असतो, आणि सॅलड तयार होऊन कोमेजत बसतं. ही सोय वापरायचीच असेल तर ओळ लपवू देऊ नका, फिकी ठेवा. आणि सोडायचा निर्णय घड्याळाऐवजी ग्रिलवाल्याच्या किंवा पासच्या बटणाला बांधा. कोर्सप्रमाणे वाढप असेल तर हेच लागू: पुढचा कोर्स 'सोडा' हे वेटरने किंवा पासने सांगायचं. पहिला कोर्स वाढून अमुक मिनिटं झाली म्हणून यंत्राने दुसरा सोडू नये.

एकूण बेरीज दाखवणारी पट्टी मात्र जरूर मागा. स्क्रीनवरच्या सगळ्या केओट्या मिळून आत्ता किती भात, किती मासे बाकी. स्वयंपाक्यांना सगळ्यात आवडणारी सोय हीच, कारण ते चिठ्ठी वाचतात पण विचार पातेल्यात करतात. एक खबरदारी: 'लोणी नको' असलेला मासा साध्या माशांत मिसळून मोजला जाऊ नये.

ॲलर्जीबद्दल स्पष्टच सांगतो. 'शेंगदाणे चालत नाहीत' ही सूचना मोकळ्या टिपणाच्या रकान्यात 'जरा कमी तिखट' याच्या शेजारी येत असेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. ॲलर्जी हे वेगळं क्षेत्र हवं, ते ओळीला आणि टेबलाला दोन्हीकडे जोडलेलं हवं, टेबलातल्या प्रत्येक स्टेशनला जायला हवं, आणि छपाईत कापलं जाता कामा नये. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. ४८ अक्षरांच्या ओळीत ४९ वं अक्षर गिळून टाकणारे प्रिंटर ड्रायव्हर अजूनही आहेत.

प्रिंटरचाच विषय निघालाय तर त्यावर थोडं जास्त लिहितो, कारण 'चिठ्ठ्या गहाळ होतात' यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या मुळात छापल्याच गेलेल्या नसतात. नेटवर्कवरचे केओटी प्रिंटर बहुतेक वेळा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर कच्चा डेटा घेतात. सॉफ्टवेअरने डेटा पाठवला, जोडणीने 'मिळाला' म्हटलं, आणि बिलिंगवर हिरवी खूण आली. पण तो 'मिळाला' प्रिंटरच्या मेमरीचा आहे, कागदाचा नाही. रोल संपला असेल, झाकण उघडं असेल, कटर अडकला असेल, तर डेटा आत पोचूनही बाहेर काहीच येत नाही. एप्सनची ईएससी-पीओएस ही आज्ञावली इतर अनेक कंपन्यांचे प्रिंटरही समजतात, आणि तिच्यात प्रिंटरची स्थिती विचारायची सोय आहे: कागद आहे का, झाकण बंद आहे का, चूक आली का. सॉफ्टवेअर ही स्थिती विचारतं का आणि उत्तर वेटरला दाखवतं का, हे विक्रेत्याला विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' येतं. त्यानंतर दुसरा प्रश्न: एका स्टेशनचा प्रिंटर बंद पडला तर केओटी आपोआप दुसऱ्या प्रिंटरवर जाते का, आणि गेली तर तिच्यावर मूळ स्टेशनचं नाव ठळक छापतं का?

याची उलटी बाजू दुहेरी छपाई. प्रिंटर हळू आहे, सॉफ्टवेअरने काही सेकंद वाट पाहिली, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पाठवलं, आणि दोन्ही वेळचं छापलं. एका ठिकाणी हे मी समोर उभा राहून पाहिलंय: एकाच टेबलाच्या अगदी सारख्या दोन चिठ्ठ्या, एकाच क्रमांकाच्या, दोन मिनिटांच्या अंतराने, आणि मधल्या वेळात पहिली काम झालं म्हणून खिळ्याला लागलेली. स्वयंपाक्याने दुसरी रास्तच नवी समजली. स्क्रीनवर हे टाळणं सोपं आहे: प्रत्येक निरोपाला एकमेव ओळखक्रमांक द्यायचा, तोच क्रमांक पुन्हा आला तर दुर्लक्ष करायचं. प्रिंटरला ही अक्कल नसते. म्हणून दुसऱ्यांदा पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर 'पुन्हा छापलेली' असं मोठ्या अक्षरात यायलाच हवं, मग ती कुणी मुद्दाम छापलेली असो की यंत्राने आपणहून. पावती म्हणूनही ते लागतंच, कारण बिलाबाहेर माल काढायचा जुना मार्ग म्हणजे जुनी केओटी पुन्हा छापणं.

थर्मल की रिबनवाला? थर्मल प्रिंटर शांत आणि वेगवान असतो, पण त्याचा कागद उष्णतेनेच काळा होतो, त्यामुळे ग्रिलच्या वरच्या पट्टीवर अडकवलेली चिठ्ठी वाचण्याआधी काळवंडते. म्हणूनच ७६ मिलिमीटर कागदाचे, लाल-काळ्या रिबनचे, एप्सन टीएम-यू२२० सारखे पिनवाले (डॉट मॅट्रिक्स) प्रिंटर गरम स्टेशनांवर अजून टिकून आहेत. त्यांचा खरखराट हाही फायदाच: नवी केओटी आल्याचं कळतं.

देवनागरीत छापायचं असेल तर थर्मलच घ्या. बहुतेक केओटी प्रिंटरांत देवनागरीची अक्षरं बसवलेली नसतात, त्यामुळे चिठ्ठी चित्र म्हणून पाठवावी लागते. हिशेब करून बघा. ८० मिलिमीटर कागदावर छपाईची रुंदी साधारण ७२ मिलिमीटर, म्हणजे ५७६ ठिपके, म्हणजे एका ठिपका-ओळीला ७२ बाइट. १० सेंटिमीटर लांब चिठ्ठीला अशा ८०० ओळी, म्हणजे ५७,६०० बाइट. नेटवर्कवर हे क्षणात जातं. जुन्या सिरियल केबलवर सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने जायला सुमारे एक मिनिट लागतं. 'मराठीत छापायला लागल्यापासून प्रिंटर अडकतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा ही केबल असते. पिनवाल्या प्रिंटरवर तर वेलांट्या आणि अनुस्वार ओळखू येतील याची मी हमी देणार नाही.

स्क्रीनचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या जीन मॉशर यांनी रेस्टॉरंटसाठी रंगीत टचस्क्रीनवर ऑर्डर घेणारी प्रणाली १९८६ सालीच दाखवली होती. तेव्हापासून ऑर्डर घेणारी बाजू सुधारतच गेली, पण तोच टचस्क्रीन तसाच उचलून स्वयंपाकघरात आणला की पस्तावायला होतं. तेलकट, ओल्या किंवा हातमोजे घातलेल्या बोटांना आजचे टचस्क्रीन धड दाद देत नाहीत. स्क्रीनखाली वेगळी मोठ्या बटणांची पट्टी मिळते, तिला बम्प बार म्हणतात. टचस्क्रीनऐवजी ती घ्या. साधा मोठा मॉनिटर वर टांगायचा आणि पट्टी हाताशी. मॉनिटरला काही झालं तरी तो स्वस्तात बदलता येतो.

रंगांवर फार भिस्त ठेवू नका. हिरवं म्हणजे वेळेत, लाल म्हणजे उशीर, ही सगळ्यांची आवडती मांडणी आहे, पण लाल-हिरवा फरक न कळणारे पुरुष तुम्हाला वाटतात त्याहून जास्त असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. रंगासोबत मिनिटांचा आकडा मोठा हवा. आणि ते घड्याळ सर्व्हरचं हवं. प्रत्येक टॅबलेट आपापल्या घड्याळावर चालला तर एकच केओटी ग्रिलवर ६ मिनिटांची आणि पासवर ९ मिनिटांची दिसते.

नेटवर्क तारेचं घाला. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि जुनं वायफाय २.४ च्या पट्ट्यात, त्यामुळे ओव्हन सुरू झाला की स्क्रीन तुटतो आणि बंद झाला की जोडला जातो, असा भुताटकीचा प्रकार होतो. वेटरांच्या हातातली यंत्रं वायफायवर राहू द्या, पण ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. भिंतीवर टांगलेली कुठलीही वस्तू तारेवर. इंटरनेट गेलं तर काय, हा त्याहून मोठा प्रश्न. सगळी केओटी इंटरनेटवरच्या सर्व्हरला जाऊन परत दहा फुटांवरच्या प्रिंटरला येत असेल, तर बाहेरची तार तुटली की स्वयंपाकघर मुकं होतं. जागेवर एक छोटा सर्व्हर हवा, किंवा यंत्रं आपापसांत बोलणारी हवीत. 'ऑफलाइन चालतं' असं प्रत्येक विक्रेता सांगतो. बऱ्याचदा त्याचा अर्थ बिल ऑफलाइन निघतं एवढाच असतो. केओटी जाते का ते विचारा.

आता क्षमतेबद्दल. स्क्रीनवर किती चिठ्ठ्या मावायला हव्यात हे अंदाजाने ठरवू नका, जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम वापरा: आत असलेल्या ऑर्डरी म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. तासाला ६० केओट्या, म्हणजे मिनिटाला एक, आणि सरासरी १२ मिनिटं लागत असतील तर कुठल्याही क्षणी सरासरी १२ केओट्या चालू असतात. आठच मावणारा स्क्रीन घेतलात तर चार कायम पडद्याआड. आणि तासाला ६० झेपणाऱ्या स्वयंपाकघरात ९० येऊ लागल्या तर अर्ध्या तासात १५ केओट्या तुंबतात, म्हणजे त्यानंतर येणाऱ्याला फक्त रांगेपायी १५ मिनिटं जास्त. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही. सॉफ्टवेअरने करायचं ते एवढंच: तुंबलेलं लवकर दाखवायचं, आणि घरपोच व ऑनलाइन ऑर्डरींना त्या प्रमाणात उशिराची वेळ सांगायची किंवा त्या थोडा वेळ थांबवायच्या. ऑनलाइन ऑर्डरी वेगळ्या टॅबलेटवर येत असतील आणि कुणीतरी त्या हाताने केओटीत टाकत असेल, तर ती जोडणी आधी करा, बाकीचं नंतर. पदार्थ संपला हे बटणही स्वयंपाकघरातच हवं आणि ते सगळीकडे ताबडतोब लागू व्हायला हवं.

अहवालांविषयी माझं मत जरा कडू आहे. 'सरासरी केओटी वेळ ११ मिनिटं' हा आकडा मालकांना भारी आवडतो. तो आकडा 'झालं' दाबल्याच्या वेळांवरून येतो, आणि 'झालं' कधी दाबायचं हे स्वयंपाकी ठरवतो. गर्दीत तो दाबत नाही आणि गर्दी ओसरल्यावर दहा एकदम दाबतो. त्या आकड्यावर बक्षीस किंवा ओरडा लावलात तर तो पदार्थ ताटात जायच्या आधीच दाबू लागतो, स्क्रीन हिरवा राहतो, आणि पासवर ताटं नसतात. आकडा बघायचाच असेल तर पासवर 'वाढलं' दाबल्याची वेळ घ्या, आणि सरासरी सोडून दर दहातली सगळ्यात उशिरा गेलेली ऑर्डर किती मिनिटांनी गेली ते बघा. एकदम दाबलेले गठ्ठे वगळता येतात का हेही विचारा. त्याहून उपयोगी अहवाल म्हणजे रद्द केलेल्या ओळींचा: कुणी, केओटी गेल्यावर किती मिनिटांनी, आणि तोवर पदार्थ बनला होता का. तिथे पावतीवाली बाजू कामाला येते. केओट्या, रद्द आणि बिलं यांचा रोजचा ताळा एका पानावर निघत नसेल तर सॉफ्टवेअर अर्धंच आहे. आणि दिवस मध्यरात्री बदलता कामा नये. रात्री साडेबाराची केओटी कालच्याच दिवसात जायला हवी, क्रमांकासकट.

विकत की लिहून? चार स्टेशनांसाठी विकत. केओटीचा गाभा लिहायला थोडे आठवडे पुरतात, पण प्रिंटर, जोडण्या आणि तुटलेल्या तारा यांचे बारकावे निस्तरायला वर्षं जातात. तुमच्या बिलिंगवाल्याचं स्वतःचं केओटी असेल तर आधी तेच पारखा, कारण दोन वेगळ्या उत्पादनांमधला दुवा हाच सगळ्यात नाजूक भाग असतो. लिहून घ्यायचंच कारण एखादं: तुमचं वाटप खरोखर विचित्र आहे आणि कुणालाच ते जमत नाही.

डेमो त्यांच्या कार्यालयात बघू नका. तुमच्या जागेवर, तुमचा पूर्ण मेनू भरून, तुमच्या प्रिंटरवर बघा. मग मुद्दाम बिघडवा. टेबल ७ ची ऑर्डर टाका आणि वरचे दोन बदल करा. प्रिंटरचा रोल काढून केओटी पाठवा. छपाई चालू असताना नेटवर्कची तार काढा आणि मिनिटभराने जोडा, मग चिठ्ठ्या मोजा. दोन वेटरांना एकाच टेबलावर एकाच क्षणी ऑर्डर टाकायला सांगा आणि क्रमांक तपासा. इंटरनेट बंद करून पार्सलची ऑर्डर द्या. टेबल ७ वरून माणसं टेबल ९ वर हलवा आणि स्टेशनांना ते कळतं का बघा. इथे भलेभले गळपटतात. विक्रेता यातल्या कशालाही 'असं सहसा होत नाही' म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

बसवताना पास आधी, मग एकच स्टेशन, तेही सगळ्यात कमी गर्दीचं. कागद आणि स्क्रीन दोन्ही एकत्र फार दिवस चालवू नका. माणसं कागदावरच विसंबतात आणि 'झालं' दाबणं कुणाच्याच अंगवळणी पडत नाही. त्या स्टेशनचा कागद ठरलेल्या दिवशी बंद करा आणि त्या दिवशी पासवर तुमचा सगळ्यात अनुभवी माणूस ठेवा.

आणि पासपाशी क्रमांक छापलेलं तीन प्रतींचं पॅड व पेन कायम असू द्या. सगळं बंद पडलं तर त्यावर काम चालेल. यंत्र परत सुरू झाल्यावर त्या चिठ्ठ्या बिलिंगमध्ये भराव्या लागतात, आणि इथे शेवटचा प्रश्न विक्रेत्याला विचारायचा: स्वयंपाकघराला काहीही न पाठवता केओटी नोंदवायची सोय आहे का? नसेल तर जेवून गेलेल्या वीस टेबलांच्या ऑर्डरी एकदम चारही स्टेशनांवर निघतील.